अडकून पडलेल्या पुल रिक्वेस्टचं काय करायचं
महिनाभर पुल रिक्वेस्ट (कुणीतरी आपल्या प्रोजेक्टला पाठवलेला कोडमधला बदल) हलली नाही की लगेच बंद करायला जाऊ नका भावांनो, आधी अडलंय कुणाकडं ते बघा, लई वेळा रिव्ह्यू, म्हणजे कोड तपासणं, आपल्याकडनंच राहिलेला असतोय.

आम्ही कोल्हापूरच्या राजारामपुरीत दर रविवारी चहा घेत बसतो आणि सगळ्यात जुनीपासनं उघडत जातो. एका पोरानं शोधात ऱ्हस्व-दीर्घ दोन्ही चालावं म्हणून मस्त कोड दिलेला, फक्त एक टेस्ट फेल, आणि पोरगं परीक्षेत अडकलेलं. त्याला नुसतं 'काय अपडेट?' नाही विचारलं, कुठली टेस्ट, कुठली ओळ ते सांगितलं आणि वेळ नसेल तर आम्ही पुढं नेऊ का असं सरळ विचारलं, लगेच हो म्हटला.

गिटहबवर (जिथं कोड ठेवतात ती साइट) मेंटेनरला, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याला, एडिट करू द्यायची टिक असेल तर त्याच्याच ब्रँचवर (कोडच्या त्याच्या वेगळ्या प्रतीवर) पुश करता येतंय, म्हणजे आपले बदल चढवता येतात, नसेल तर ब्रँच ओढून नवी रिक्वेस्ट उघडा, पण त्याचे कमिट (नोंदवलेले बदल) तसेच ठेवा आणि स्क्वॅश केलं, म्हणजे सगळे कमिट एकात मिसळले, तर मेसेजच्या शेवटी को-ऑथर म्हणून त्याचं नाव घालाच, कष्ट त्याचे आहेत.

गिटहबचा स्टेल बॉट (पडून राहिलेल्या रिक्वेस्ट आपोआप बंद करणारा प्रोग्राम) डीफॉल्टला ६० दिवस काही हालचाल नसली की लेबल लावतोय आणि पुढच्या ७ दिवसांत बंद करतोय, छोट्या प्रोजेक्टला हे मला पटत नाही. बंद करायचीच असली तर स्वतः दोन ओळी कारण लिहा, परत उघडता येईल तेही सांगा.