रत्नागिरी-सिंधुदुर्गातून ट्रान्सप्लांट इम्युनॉलॉजीत कसं शिरायचं

नीटमध्ये नंबर नाही लागला म्हणून घरात सुतकी वातावरण असेल तर थांबा जरा. किडनी बसवण्याआधी पेशंटचं शरीर ती नाकारेल का हे बघायला जी मॅचिंगची टेस्ट होते (ट्रान्सप्लांट इम्युनॉलॉजी म्हणजे हेच काम) त्या लॅबमध्ये एमएस्सी, पीएचडीवाले पण असतात. ज्यांनी 1964 साली या टेस्टची इवल्याशा थेंबांवर होणारी मायक्रो पद्धत आणली ते पॉल तेरासाकी एमबीबीएस वगैरे नव्हतेच, झूलॉजीत पीएचडी! दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाचे म्हणून अमेरिकेने त्यांच्या घरच्यांना छावणीत डांबलेलं, तिथून हा माणूस इथवर आला.

तर बीएस्सी रत्नागिरी, चिपळूण, कुठेही करा, मायक्रोबायोलॉजी किंवा बायोटेक, मग एमएस्सी, रिसर्च करायचा तर नेटची परीक्षा देऊन पीएचडी. परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची इम्युनोहिमॅटॉलॉजीची, म्हणजे रक्त आणि रोगप्रतिकारशक्तीच्या अभ्यासाची, राष्ट्रीय संस्था आहे, एमएस्सीचा प्रोजेक्ट तिथे मिळेल का म्हणून आधीच मेल टाका, कोकणकन्येत रात्री बसलात की सकाळी मुंबई.

लॅबमध्ये शिरलात की आधी क्रॉसमॅच, म्हणजे तीच मॅचिंगची टेस्ट, हाताने शिका. डोनरच्या रक्तातून लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) वेगळ्या काढायच्या, ट्रेच्या बारीक खळग्यात पेशंटच्या सीरमचा (रक्त गोठल्यावर उरणारं पाणी) इवलासा थेंब, त्यात या पेशी, मग सशाचं कॉम्प्लिमेंट, म्हणजे अँटिबॉडी चिकटलेल्या पेशी मारणारी रक्तातली प्रथिनं. पेशंटच्या रक्तात डोनरविरुद्ध अँटिबॉडी असतील तर पेशी मरतात, इओसिन हा रंग टाकून मायक्रोस्कोपखाली बघितलं की जिवंत पेशी बारीक चकचकीत आणि मेलेल्या फुगून काळपट दिसतात. आता फ्लो सायटोमेट्री, ल्युमिनेक्स अशी मशीनवरची तंत्रं सगळी आलीयत, तरी ही नजर बसायलाच हवी.

पण मला विचाराल तर खरं काम त्याआधीचं, हिस्ट्री घेण्याचं. अँटिबॉडी तयार होतात त्या मुख्यतः बाळंतपणात, रक्त चढवल्यावर किंवा आधीच्या ट्रान्सप्लांटमुळे, आणि गर्भपात झालेला असेल तर तोही यात धरायचा. बाई सासरच्यांसमोर हे सांगणार नाही, तिला बाजूला घेऊन आपल्या भाषेत विचारा, "मावशी, कधी रगात चढवलेला काय गो?" मग ती मोकळी बोलते. आई पेशंट आणि मुलगा किडनी द्यायला तयार, अशा वेळी तर हे विचारल्याशिवाय पुढे जायचंच नाही, कारण त्याच मुलाच्या वेळच्या अँटिबॉडी तिच्या रक्तात असू शकतात. आणि डायलिसिस चालू असताना मध्येच रक्त चढवलं असेल तर जुन्या सीरमवर भागवू नका, पेशंट सावंतवाडीहून आलेला असला तरी नवं सॅम्पल मागायचं, तेही थोडे दिवस जाऊ देऊन, कारण नव्या अँटिबॉडी तयार व्हायला वेळ लागतो.