कॅलिफोर्नियात नवीन आलात? लायसन्स आणि गाडीचं आधी काय, नंतर काय

सगळ्यात आधी एक गैरसमज काढून टाका. निघायच्या आधी आरटीओत हजार रुपये भरून जे इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट आणलंय ना, ते इथे लायसन्स म्हणून चालत नाही, ते फक्त तुमच्या भारतातल्या लायसन्सचं भाषांतर आहे आणि महाराष्ट्राच्या स्मार्ट कार्डावर तसंही सगळं इंग्रजीतच असतं. फिरायला आलेल्या माणसाला भारतातल्या लायसन्सवर गाडी चालवता येते, म्हणजे आई-बाबा तीन-चार महिन्यांसाठी आले तर बाबा चालवू शकतात (इन्शुरन्सवाल्याला आधी विचारून घ्या मात्र). पण तुम्ही नोकरीसाठी आलात, घर भाड्याने घेतलंत, की तुम्ही इथले रहिवासी झालात आणि तिथून १० दिवसांत कॅलिफोर्नियाचं लायसन्स घ्यायचं असा नियम आहे. आता १० दिवसांत हातात कार्ड कुणाच्याच येत नाही, पण निदान अर्ज तरी करून टाका, "बघू नंतर" करत सहा महिने भारतातल्या लायसन्सवर फिरू नका, अ‍ॅक्सिडेंट झाला तर ते फार महागात जातं.

इथलं आरटीओ म्हणजे डीएमव्ही. अर्ज ऑनलाइन भरायचा, अपॉइंटमेंट घ्यायची आणि मग कागद घेऊन जायचं. कागद म्हणजे पासपोर्ट, व्हिसा, आय-९४ (देशात आल्याची नोंद), एच-वन (नोकरीचा व्हिसा) असेल तर आय-७९७ (त्याच्या मंजुरीचा कागद), स्टुडंट असाल तर आय-२० (कॉलेज देतं तो), आणि पत्त्याचा पुरावा. सोशल सिक्युरिटी नंबर (एसएसएन) मिळाला असेल तर तो द्यायचा, पण एच-फोरवर (एच-वनवाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) आलेल्यांना तो सहसा मिळत नाही आणि त्यांना लायसन्स त्याच्याशिवाय मिळतं, तेव्हा बायकोला किंवा नवऱ्याला "आधी एसएसएन येऊ दे" म्हणून घरात बसवून ठेवू नका.

आपल्या लोकांचं खरं घोडं अडतं ते नावावर. आपल्या पासपोर्टवर गिव्हन नेमच्या रकान्यात स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असं दोन्ही असतं, आणि इथे प्रत्येक जण ते आपापल्या पद्धतीने तोडतो. बँकेत एक, भाडेकरारावर एक, एचआरच्या सिस्टीममध्ये तिसरंच. डीएमव्ही तुमचा व्हिसा स्टेटस सरकारी सिस्टीममध्ये तपासते, तिथे नाव किंवा जन्मतारीख जुळली नाही तर अर्ज नुसता लटकून राहतो आणि काउंटरवरचा माणूसही काही करू शकत नाही. म्हणून आल्या आल्या आय-९४ ऑनलाइन काढून बघा, त्यावरचं नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळतंय ना, नसेल तर आधी ते दुरुस्त करून घ्या. आणि भाडेकरार करताना दोघांची नावं घाला, बँकेचं खातंही जॉइंट काढा, नाहीतर घरातल्या एकाच्या नावावर पत्त्याचा एकही पुरावा नाही अशी अवस्था होते.

रिअल आयडी (केंद्र सरकारच्या कडक नियमांत बसणारं लायसन्स) घ्यायचं का हा प्रश्न सगळ्यांना पडतो. मे २०२५ पासून देशांतर्गत विमानाला रिअल आयडी लागतं हे खरं, पण भारतीय पासपोर्टवरही विमानात बसता येतंच की. रिअल आयडीला पत्त्याचे दोन पुरावे लागतात, असतील हाताशी तर घ्या, नसतील तर साधं लायसन्स घ्या आणि पुढे चला. आणि हो, लायसन्सची मुदत तुमच्या आय-९४ किंवा व्हिसाच्या कागदाइतकीच मिळते, एक्स्टेन्शन झालं की परत रिन्यू करायला लागतं, तेव्हा नवीन आय-७९७ आला की लगेच हे काम काढा.

डीएमव्हीत पहिल्या फेरीत डोळे तपासतात, फोटो, अंगठ्याचा ठसा, आणि लेखी परीक्षा. १८ वर्षांवरच्यांना ३६ प्रश्न असतात, ३० बरोबर यावे लागतात, एका अर्जावर तीन वेळा देता येते. "वीस वर्षं गाडी चालवतोय, त्यात काय वाचायचं" हा माज सोडा आणि हँडबुक नीट वाचा, हिंदीतही मिळतं पण इंग्रजीतलंच वाचा, रस्त्यावरच्या पाट्या इंग्रजीतच आहेत. प्रश्न कुठून येतात? फुटपाथच्या कडेचे रंग: लाल म्हणजे थांबायचंच नाही, पांढरा माणसं चढवा-उतरवायला, हिरवा थोड्या वेळासाठी, पिवळा माल चढवायला-उतरवायला, निळा अपंगांसाठी. चढावर कडेला कर्ब (फुटपाथची उंच कड) असेल तर पुढची चाकं डावीकडे वळवून लावायची, उतारावर उजवीकडे. फायर हायड्रंटपासून (आग विझवायच्या पाण्याचा नळ) गाडी १५ फूट लांब लावायची. स्कूलबसचे लाल दिवे लुकलुकत असले तर समोरून येणाऱ्यानेही थांबायचं, फक्त मध्ये डिव्हायडर असेल किंवा दोन्ही बाजूंना दोन-दोन लेन असतील तरच समोरच्याला सूट. २०२५ पासून नवीन एक आलंय, क्रॉसवॉकच्या (झेब्रा क्रॉसिंग) अलीकडे २० फुटांत गाडी लावायची नाही, मग तिथे लाल रंग असो नसो, आणि या एका नियमापायी बऱ्याच जणांना तिकिटं बसतायत.

लेखी पास झालात की परमिट मिळतं. परमिटवर एकट्याने चालवायचं नाही, शेजारी कॅलिफोर्नियाचं लायसन्स असलेला १८ वर्षांवरचा माणूस पाहिजे. रोड टेस्टलाही तसंच, आणि गाडी तुम्हीच न्यायची असते, तिचं रजिस्ट्रेशन आणि इन्शुरन्सचा कागद बरोबर. भाड्याची गाडी न्यायची असेल तर करारावर तुमचं नाव आहे का आणि ड्रायव्हिंग टेस्टला मनाई तर नाही ना ते वाचून घ्या. बहुतेक जण मित्राची गाडी नेतात किंवा ड्रायव्हिंग स्कूलवाल्याची, आणि माझ्या मते स्कूलवाल्याचे एक-दोन क्लास घ्यावेतच, कारण त्यांना त्या ऑफिसच्या आसपासचे रस्ते पाठ असतात.

आता रोड टेस्ट. भारतात पंधरा-वीस वर्षं चालवलेली माणसं इथे नापास होतात आणि काल शिकलेली पोरं पास होतात, याचं कारण असं की परीक्षक तुम्ही गाडी किती सफाईने चालवता ते बघतच नाही, तुम्ही बघता का ते तो बघतो. म्हणजे लेन बदलताना नुसता आरसा बघून चालत नाही, मान वळवून खांद्यावरून मागे बघायचं, आणि ते त्याला दिसेल असं बघायचं. नुसते डोळे फिरवलेत तर त्याच्या लेखी तुम्ही बघितलंच नाही. दर चौकात डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे. सिग्नल हिरवा असला तरी.

स्टॉप साइनला चाकं पूर्ण थांबली पाहिजेत. इथले लोकही हळू करून सटकतात, त्याला गमतीने कॅलिफोर्निया स्टॉपच म्हणतात, पण टेस्टमध्ये ते केलंत की खेळ खलास. रेषेच्या आधी थांबा, मनात तीन मोजा, मग झाडाझुडपामुळे दिसत नसेल तर हळूच पुढे सरका. चारही बाजूंना स्टॉप असेल तर जो आधी आला तो आधी जातो, एकदमच आले तर उजवीकडचा. लाल सिग्नलला उजवीकडे वळता येतं पण पूर्ण थांबून, आणि तिथे "नो टर्न ऑन रेड"ची पाटी नाही ना बघून.

उजवीकडे वळायच्या आधी बाइक लेन असेल तर तिच्यात शिरून मग वळायचं असतं, वळणाच्या आधीच्या २०० फुटांत, आणि शिरण्याआधी परत खांद्यावरून बघायचं, सायकलवाला असू शकतो. हे आपल्या डोक्यात बसतच नाही कारण सायकलची लेन म्हणजे आपली नाही असं वाटतं. उजवीकडे वळलात की सगळ्यात जवळच्या लेनमध्येच उतरायचं, सरळ तिकडच्या टोकाला जाऊन बसायचं नाही.

हळू चालवलं की सुरक्षित, हाही गैरसमज. ताशी ३५ मैलांच्या रस्त्यावर उगाच २२ ने रांगलात तर तेही नापासच. रहिवासी भागात आणि शाळेजवळ २५, बाकी पाटीवर असेल त्याच्या जरासं आत. एकूण १५ पर्यंत बारीक चुका माफ आहेत, पण परीक्षकाला स्टिअरिंगला हात लावावा लागला किंवा "थांब" म्हणून ओरडावं लागलं तर एका फटक्यात नापास.

निघायच्या आधी तो गाडीतल्या गोष्टी विचारतो: वायपर, डिफ्रॉस्टर, इमर्जन्सी फ्लॅशर, पार्किंग ब्रेक, हॉर्न, आणि हाताचे सिग्नल (डावा हात सरळ म्हणजे डावीकडे, वर म्हणजे उजवीकडे, खाली म्हणजे थांबतोय). मित्राची गाडी असेल तर आदल्या दिवशी हे सगळं हाताखालून घाला. आपल्या मारुती-ह्युंदाईत इंडिकेटर उजव्या हाताला असतो, इथे डाव्या, त्यामुळे भर उन्हात वायपर फिरवणारे देशी लोक तुम्हाला दिसतीलच. आणि ऑटोमॅटिकमध्ये डावा पाय कायमचा सुट्टीवर, तो क्लच शोधायला गेला की ब्रेकवर पडतो.

गाडीकडे वळू. नवीन गाडी किंवा डीलरकडची जुनी घेतलीत तर रजिस्ट्रेशनचे कागद डीलरच करतो, कागदी टेंपररी प्लेट लावून देतो, पक्क्या प्लेट पोस्टाने येतात. तुम्ही फक्त इन्शुरन्स काढून घ्यायचा. ते झालं सोपं.

माणसाकडून थेट घेतलीत तर डोकं जागेवर ठेवा. इथे मालकीचा कागद आणि रजिस्ट्रेशनचा कागद वेगळे असतात, आपल्या आरसीसारखं सगळं एकात नाही. टायटल, म्हणजे ज्याला सगळे पिंक स्लिप म्हणतात, ते घरात कपाटात ठेवायचं, आणि रजिस्ट्रेशन कार्ड गाडीत. पैसे द्यायच्या आधी टायटल हातात घेऊन बघा: त्यावर विकणाऱ्याचंच नाव आहे ना, बँकेचं नाव असेल तर कर्ज फिटलंय ना, आणि कुठे "सॅल्व्हेज" (म्हणजे एकदा मोडीत काढलेली गाडी) लिहिलंय का. सॅल्व्हेज असेल तर कितीही स्वस्त मिळो, सोडून द्या. स्मॉग सर्टिफिकेट म्हणजे आपलं पीयूसी, फक्त खरोखर तपासतात, आणि ते विकणाऱ्यानेच करून द्यायचं असतं. "तू कर, मी पैसे कमी करतो" म्हणाला तर समजा की गाडी पास होत नाहीये. चार मॉडेल वर्षांच्या आतली पेट्रोल गाडी असेल तर हस्तांतराला स्मॉग लागत नाही. जुनी थकलेली रजिस्ट्रेशन फी गाडीबरोबर येते, विकणाऱ्याला डीएमव्हीचा कागद दाखवायला सांगा. एखाद्या मेकॅनिककडून गाडी उचलून बघून घ्या, खास करून प्रियस असेल तर, कारण बे एरियात (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास) त्यांचे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा भाग) रात्रीतून कापून नेतात.

व्यवहार झाला की १० दिवसांत तुम्ही डीएमव्हीत ट्रान्सफर करायचं, आणि विकणाऱ्याने ५ दिवसांत रिलीज ऑफ लायबिलिटी (गाडी विकल्याची नोंद) भरायचं, ते तुमच्यासमोरच ऑनलाइन भरायला लावा. ट्रान्सफर करताना गाडीच्या किमतीवर यूज टॅक्स लागतो, राज्याचा किमान ७.२५ टक्के आणि तुमच्या शहराप्रमाणे त्याच्यावर, तेव्हा दहा हजारांची गाडी दहा हजारांत पडत नाही हे बजेटमध्ये धरा. टायटलवर नवरा-बायको दोघांची नावं घालणार असाल तर मधला शब्द बघा. "अँड" लिहिलंत तर विकताना दोघांच्या सह्या लागतात, "ऑर" लिहिलंत तर एकाची पुरते. एक जण भारतात गेलेला असताना गाडी विकायची वेळ आली की याची किंमत कळते.

टेक्सास किंवा न्यू जर्सीहून गाडी घेऊन येत असाल तर २० दिवसांत इथे नोंदवायची, व्हीआयएन (गाडीचा चेसिस नंबर) तपासून घ्यायला लागतो. आणि नवी कोरी गाडी बाहेरच्या राज्यात घ्यायची हुशारी करू नका, ७५०० मैलांच्या आत चाललेली आणि कॅलिफोर्नियाच्या एमिशनला प्रमाणित नसलेली गाडी इथल्या रहिवाशाला सहसा नोंदवता येत नाही.

इन्शुरन्सची किमान मर्यादा जानेवारी २०२५ पासून वाढली: एका माणसाच्या इजेला ३० हजार डॉलर, सगळ्यांची मिळून ६० हजार, दुसऱ्याच्या मालमत्तेला १५ हजार. पण तेवढ्यावर थांबू नका. इथे प्रत्येक सिग्नलला शेजारी टेस्ला उभी असते, १५ हजारात तिचं काय होणार? १०० आणि ३०० हजारांचं घ्या, अनइन्शुअर्ड मोटरिस्ट (समोरच्याकडे इन्शुरन्सच नसेल तेव्हा कामी येतं ते) नक्की घ्या. क्रेडिट हिस्ट्री नाही म्हणून घाबरू नका, कॅलिफोर्नियात गाडीच्या इन्शुरन्सचा हप्ता क्रेडिट स्कोअरवरून ठरवता येत नाही. हप्ता तरीही जास्त येतो, नवीन ड्रायव्हर म्हणून.

दोन-तीन महिने भारतात जाणार म्हणून इन्शुरन्स बंद करायचा मोह होतो. कंपनी डीएमव्हीला लगेच कळवते आणि रजिस्ट्रेशन सस्पेंड होतं, तेव्हा आधी डीएमव्हीच्या साइटवर गाडी वापरात नसल्याचं अ‍ॅफिडेव्हिट भरा, मगच बंद करा, आणि तोवर गाडी रस्त्यावर नाही तर खाजगी जागेत लावा.

घर बदललं की १० दिवसांत डीएमव्हीला नवीन पत्ता कळवा, लायसन्सचा वेगळा आणि गाडीचा वेगळा, आणि व्हिसावाल्यांनी एआर-११ (इमिग्रेशनला पत्ता कळवायचा फॉर्म) पण. बे एरियाच्या पुलांवर टोलला माणूस नसतो, बिल रजिस्ट्रेशनच्या पत्त्यावर जातं, जुन्या घरी पडून राहिलं की दंड चढत जातो आणि पुढच्या वर्षी रजिस्ट्रेशनचा स्टिकर अडतो. फास्टट्रॅकचं (इथला फास्टॅग) खातं काढून त्यात गाडीचा नंबर टाकून ठेवा, टेंपररी प्लेट असेल तर आधी तो आणि पक्की आली की तो बदलून.