कॉलेजात स्पॅनिश घेताय? सुरुवातीची लेव्हल निवडताना या चुका टाळा

बारावीचा निकाल लागला की जुळे सोलापुरात माझ्याकडे एक ठरलेला प्रश्न येतो: "मॅडम, कॉलेजात स्पॅनिश मिळतंय, डायरेक्ट दुसऱ्या लेव्हलला बसू का?" बहुतेक मुलं पुण्याला निघालेली असतात. निर्णय घरीच झालेला असतो, माझ्याकडून फक्त होकार हवा असतो. तो मी सहसा देत नाही. म्हणून हे एकदाच लिहून ठेवते.

ॲपवरची स्ट्रीक म्हणजे लेव्हल नव्हे

डोक्यात जाणारी चूक नंबर एक. पूर्व भागातला एक मुलगा आला होता. घरी तेलुगू, शाळेत मराठी, वडिलांच्या टॉवेलच्या दुकानात हिंदी आणि कन्नड. इतक्या भाषा तोंडात असलेल्या पोराला स्पॅनिशची काय भीती? आई म्हणाली, "त्याला येतंय की ओ सगळं, रोज करतो मोबाईलवर."

मी मोबाईल काढून घेतला, कागद-पेन दिलं आणि सांगितलं, काल काय काय केलंस ते दहा ओळींत लिही. पहिली ओळ: "आयेर यो बोय आल मेरकादो." म्हणजे "काल मी बाजारात जातो." पुढच्या ओळीही तशाच, सगळा काल वर्तमानकाळात. मग तोंडी विचारलं, "के इसिस्ते आयेर?" काल काय केलंस, एवढाच प्रश्न. पोरगा गोड हसला आणि म्हणाला, "सी." म्हणजे "हो".

ए१ला, म्हणजे अगदी पहिल्या लेव्हलला बस म्हटलं, ऐकलं नाही. कॉलेजच्या चाचणीत पर्यायांवर टिक करायची होती, त्यात हा वस्ताद. दुसरी लेव्हल मिळाली. तिथे पहिल्याच आठवड्यात दोन भूतकाळ समोर आले, इंदेफिनिदो आणि इंपेरफेक्तो. आपल्या "गेलो" आणि "जात होतो" मध्ये जो फरक, साधारण तोच. मराठी मुलांना तो पटकन कळतो, यालाही कळला. पण बाकीच्यांना वर्तमानकाळाची रूपं पाठ होती आणि हा "तेंगो"पाशीच ("माझ्याकडे आहे") अडखळत होता. दिवाळीला घरी आला तेव्हा वर्ग बदलायची मुदत केव्हाच उलटली होती. शेवटी केटी लागली, आणि त्याहून वाईट म्हणजे भाषेवरून मन उडालं.

ॲपवर शब्द समोर मांडलेले असतात, त्यातला बरोबर तेवढा उचलायचा. ताटातली कडक भाकरी ओळखता आली म्हणून थापता येत नाही.

माझी सवय सांगते. ए१च्या पुस्तकाचा शेवटचा धडा उघडायचा. पहिला नाही, तो सगळ्यांनाच येतो. त्यातले स्वाध्याय पेनने सोडवायचे, उत्तरं झाकून. एक तृतीयांश चुकले तर मुकाट्याने ए१. "मला संगीत आवडतं" हेही लिहून बघा. "यो गुस्तो" लिहिलंत तर तुम्ही इंग्रजीतून विचार करताय. "मे गुस्ता" आलं तर ठीक, आपल्या "मला आवडतं"चीच ती घडण आहे.

पालकांचा आवडता मुद्दा असतो, "एक लेव्हल वाचली तर वेळ वाचतो." कुणाचा वाचतो ते मला अजून दिसलेलं नाही.

येत असून शून्यापासून बसणं

घाईवाल्यांपेक्षा माझा राग यांच्यावर जास्त. शाळेत दोन-तीन वर्षं स्पॅनिश केलेलं, आणि कॉलेजात पुन्हा पहिल्या बाकावर, "मॅडम, सोपे मार्क आहेत." पहिला महिना "ओला, मे यामो" ("नमस्कार, माझं नाव") चालतं, साहेब दांड्या मारतात. वर्गात येतात तेव्हा प्रत्येक उत्तर आधी देऊन खऱ्या नवख्यांचं तोंड बंद करतात. मग "सेर" आणि "एस्तार", दोन्हींचा अर्थ "असणे", कुठे कोणतं वापरायचं हा धडा होतो, तेव्हा हे कॅन्टीनमध्ये. शाळेतलं अर्धं विसरलेलं असतंच, त्यामुळे सेमिस्टरच्या मध्यावर वर्ग पुढे आणि हे मागे.

कालच्या दिवसावरच्या त्या दहा ओळी चुकतमाकत का होईना, भूतकाळात उतरत असतील तर वर बसा. सुट्टीत शाळेची जुनी वही काढा. विसरलेलं परत येतं, कंटाळा आला की मात्र काही खरं नाही.

बाकीच्या, थोडक्यात

कोर्सच्या नावावरून लेव्हल ठरवू नका. "सर्टिफिकेट", "डिप्लोमा" हे त्या त्या संस्थेचे टप्पे. ए१ ते सी२ या सहा पायऱ्या भाषा मोजायच्या युरोपीय चौकटीच्या. दोन्ही जुळतीलच असं नाही. सिलॅबस मागा आणि काळ बघा: फक्त वर्तमानकाळ असेल तर साधारण ए१, भूतकाळ आले की ए२, सुबखुंतिवो (इच्छा, शंका सांगणारं क्रियापदाचं रूप) दिसला की बी१.

"देले परीक्षेला खालची लेव्हल न देता वरची देता येते, मग वर्गाचंही तसंच की," असंही ऐकवतात. देले म्हणजे स्पॅनिशची आंतरराष्ट्रीय परीक्षा. परीक्षेचं खरं आहे, पण तिथेही सुटका नाही. ए१ला वाचन-लेखनाचे ५० आणि ऐकणं-बोलण्याचे ५०, दोन्हीकडे वेगवेगळे किमान ३० लागतात. वाचनाच्या जिवावर ऐकणं तरत नाही. दिल्लीच्या इन्स्तितुतो सेर्वांतेसकडे, म्हणजे स्पेन सरकारच्या भाषा-संस्थेकडे, या परीक्षेची चौकशी करता येते.

देलेच्या प्रमाणपत्राला मुदत नसते. तुमच्या स्पॅनिशला असते.

घरून द्यायच्या चाचणीत दादाला शेजारी बसवलंत, तर वर्गातही त्यालाच पाठवा.

स्पेनची स्पॅनिश की मेक्सिकोची, यावर लेव्हल ठरत नाही. स्पेनमध्ये चालणाऱ्या "बोसोत्रोस"चं ("तुम्ही सगळे") काय ते शिक्षक ठरवतील.

उच्चार देवनागरीत लिहायचे लाड पहिल्या आठवड्यापुरते. स्पॅनिशमध्ये बी आणि व्ही यांचा उच्चार एकच, एच मुका. वहीत "ओला" लिहून एच कुठून आठवणार?

आणि पुण्याची गाडी पकडण्याआधी कॉलेजच्या ऑफिसात फोन करून दोन गोष्टी विचारा: वर्ग बदलायची शेवटची तारीख कोणती, आणि वरून खाली उतरता येतं का. काही ठिकाणी खालून वर जाऊ देतात, पण खाली येऊ देत नाहीत. तसं असेल आणि तुम्ही काठावर असाल, तर ए१च घ्या.