बाळ बोलायच्या आधी काय बघायचं

विक्रोळीला कन्नमवारनगरात माझं पाळणाघर आहे. सहा महिन्यांच्या बाळापासून तीन वर्षांच्या पोरांपर्यंत सगळी दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर असतात. "मावशी, हा अजून बोलत नाही हो," असं आया संध्याकाळी पिशवी घेता घेता म्हणतात. पण ऑटिझमची, म्हणजे माणसांशी नजरेने, खुणांनी, बोलण्याने जोडलं जाण्याची मुलाची रीतच वेगळी असण्याची, शंका यावी अशा काही गोष्टी बोलण्याच्या बऱ्याच आधी दिसतात.

बाळ वर्षाचं होत आलं की हाक मारून बघा. ते डबा-चमचा वाजवत बसलेलं असताना मागून, रोजच्या आवाजात, घरात ज्या नावाने बोलावता त्याच नावाने. टाळी नको, चुटकी नको. खेळात रंगलं असेल तर एखाद्या वेळी वळणार नाही, म्हणून वेगवेगळ्या दिवशी बघा. बिस्किटाचा पुडा वाजला की वळतं आणि नावाला कधीच वळत नाही, असं असेल तर लिहून ठेवा.

माझं सगळ्यात जास्त लक्ष असतं ते बोटाकडे. आमच्या खिडकीच्या ग्रिलवर दुपारी कावळा येतो. सव्वा वर्षाचं बाळ त्याच्याकडे बोट करतं, झटकन मान वळवून माझ्याकडे बघतं, परत कावळ्याकडे. त्याला कावळा नको असतो, मी तो बघितला ना, एवढंच हवं असतं. बिस्किट मागायला केलेलं बोट निराळं. काही मुलं बोट करतच नाहीत. आपलं मनगट धरून आपला हात डब्यावर नेऊन ठेवतात, तोंडाकडे बघतही नाहीत. दीड वर्षापर्यंत "ते बघ"वालं बोट आलं नसेल, तर "त्याचे बाबाही उशिराच बोलले" म्हणत बसू नका. आणि टाटा करणारं, दोन-चार शब्द बोलणारं मूल ते करायचं बंद झालं, तर वय कितीही असो, लगेच डॉक्टर गाठा.

तान्ह्या बाळाची नजर तपासायच्या मागे मात्र लागू नका. अमेरिकेतल्या वॉरन जोन्स आणि आमी क्लिन यांचा 2013 सालचा अभ्यास आहे. पुढे ज्यांना ऑटिझमचं निदान झालं, त्या बाळांचं समोरच्याच्या डोळ्यांकडे बघणं 2 ते 6 महिन्यांच्या दरम्यान कमी कमी होत गेलं होतं. सुरुवातीला ती बघत होती! पण हे यंत्राने नजर टिपून कळलं. मांडीवरच्या बाळाकडे बघून ते ना आजीला कळेल, ना मला.

डॉक्टरांकडे जाताना मोबाइलवर मिनिटभराचे व्हिडिओ न्या: खेळताना, जेवताना, हाक मारताना. दवाखान्यात मूल घाबरतं, तिथे खरं काही दिसत नाही. कानाची तपासणी आधी करून मागा. 16 ते 30 महिन्यांच्या मुलांसाठी 'एम-चॅट' ही ऑटिझमची शंका आहे का ते बघणारी 20 प्रश्नांची चाचणी असते. तिच्यात काही निघालं म्हणजे निदान झालं असं नव्हे, पुढची तपासणी हवी एवढंच. परळचं वाडिया किंवा सायन रुग्णालय, सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा.

घरात कुणीतरी म्हणेलच, आई नोकरीला जाते म्हणून झालं, लस दिली म्हणून झालं. दोन्ही खोटं आहे. त्या आईला हे मी तोंडावर सांगते, सासूसमोर सांगते.

डॉक्टरांची तारीख मिळेपर्यंत रोज थोडा वेळ टीव्ही बंद करून जमिनीवर त्याच्या समोर बसा. तोंडावर ओढणी घ्या, "बुवा..." म्हणा आणि गप्प थांबा. घाई करू नका. त्याने बघितलं, ओढणी खेचली, नुसता आवाज काढला, काहीही केलं तरी लगेच "कुक!" नाही बघितलं तर हनुवटी धरून तोंड वळवायचं नाही. तुम्हीच आणखी खाली वाका, त्याच्या नजरेच्या वाटेत या.