सशाची मादी गाभण आहे का, हे हाताने कसे ओळखावे

नर दाखवल्यावर, म्हणजे जोडी लावल्यावर, आठवड्याने मादी पुन्हा नराच्या पिंजऱ्यात सोडा, तिने नर अंगावर घेतला नाही तर ती गाभण समजा, असा सल्ला ससेपालनात सर्रास दिला जातो. कृपा करून तो ऐकू नका. गाभण मादीही नर घेते, आणि रिकामी मादी गुरगुरत चावायला धावते. दोन्ही मी कितीदा तरी पाहिले आहे. वजनाचेही तसेच. लसूणघास आणि गोळी पेंड खाऊन रिकामी मादीसुद्धा भरते. गाभाचा काळ जेमतेम 31 दिवसांचा, आणि नुसत्या डोळ्यांना पोट कळेपर्यंत त्यातले बहुतेक दिवस निघून जातात. भरवशाचा उपाय एकच, बाराव्या दिवशी पोट चाचपणे.

नर दाखवल्याची तारीख पिंजऱ्यावरच लिहा. 5 ऑगस्टला नर दाखवला तर तपासणी 17 ऑगस्टला. दहाव्या दिवसाआधी हाताला काही लागत नाही. चौदाव्यानंतर गर्भ मोठे आणि मऊ होतात, आतड्यांपासून वेगळे ओळखू येत नाहीत, आणि दाब जास्त पडला तर मादी गाभ टाकते.

तपासणी सकाळी, खाद्य टाकण्याआधी करा. टेबलावर गोणपाट अंथरा. गुळगुळीत पत्र्यावर पाय घसरले की मादी पोट ताठ करते आणि मग काहीच कळत नाही. तिचे तोंड तुमच्याकडे असू द्या. एका हाताने मानेमागची सैल कातडी कानांसकट हलकी धरा. कान धरून मादी उचलायची नाही, कधीच नाही.

आता खरे काम. दुसरा हात पोटाखालून मागच्या पायांच्या पुढे न्या, अंगठा एका कुशीला, बोटे दुसऱ्या कुशीला. मग थांबा. मादी श्वास सोडून पोट सैल करेपर्यंत हात नुसता ठेवायचा, दाबायचा नाही. पोट सैल झाले की बोटे अलगद जवळ आणा आणि हात पुढून मागे सावकाश सरकवा. बाराव्या दिवशी गाभण मादीच्या पोटात लहान द्राक्षाएवढ्या गोल गाठी लागतात. त्या चिमटीतून निसटतात. गर्भाशयाला दोन लांब शिंगे असल्यामुळे दोन्ही बाजूंना एकापुढे एक, माळेसारख्या लागतात.

इथेच नवा माणूस चुकतो, मीही चुकलो. आतड्यातल्या लेंड्याही गोल असतात. पण त्या लहान आणि कडक असतात, आणि पाठीच्या कण्याच्या बाजूला वर लागतात. गर्भ खाली असतात, मऊ असूनही भरीव लागतात, आणि बोटाखालून सटकतात. वर कण्याजवळ एखादी मोठी गाठ लागली तर ते मूत्रपिंड, ती मोजू नका.

पहिल्या वर्षी एका मादीच्या पोटात सगळ्या लेंड्याच आहेत असे मी ठरवले आणि ती रिकामी म्हणून नोंदवली. पिंजऱ्यात विण्यासाठीची पेटी ठेवली नाही. महिना भरल्यावर एका पहाटे ती जाळीवरच व्यायली. सात पिले, उघडी, गार पडलेली. एकही वाचले नाही. तेव्हापासून एक नियम पाळतो: जरा जरी शंका असेल तर मादी गाभणच धरायची आणि पेटी ठेवायची. पेटी वाया गेली तर काय बिघडते?

हात बसवायचा असेल तर आधी नक्की रिकाम्या असलेल्या चार-पाच मादी रोज चाचपा. रिकामे पोट कसे लागते ते बोटांना माहीत झाले की भरलेले लगेच कळते. पिले किती आहेत ते मोजत बसू नका. जोर लावून खात्री करण्यापेक्षा चौदाव्या दिवशी पुन्हा एकदा हलक्या हाताने बघा. त्यानंतर पोटाला हात नाही.

रिकामी निघाली तर धडधाकट मादीला पुन्हा नर दाखवा. नर दाखवल्यापासून सोळा-सतरा दिवसांनी मादी अंगाची लोकर उपटून घरटे करू लागली तर तो बहुधा खोटा गाभ असतो, म्हणजे मादी रिकामीच असते पण गाभण असल्यासारखी वागते. पण तुम्हाला बाराव्या दिवशी गाठी लागल्या असतील, तर लोकर लवकर उपटली म्हणून पेटी रद्द करू नका.

गाभण मादीला पाणी कमी पडू देऊ नका आणि उन्हाळ्यात पिंजरा सावलीत ठेवा. अठ्ठाविसाव्या दिवशी, म्हणजे वरच्या हिशेबाने 2 सप्टेंबरला, कोरडे गवत घातलेली पेटी आत ठेवा. मादी बहुधा रात्री किंवा पहाटे विते. सकाळी पेटीत एकदा डोकवा, मेलेले पिलू असेल तर काढा आणि बाकीची लोकरीने झाका. तेहतिसावा दिवस उलटूनही व्यायली नाही तर पशुवैद्यकांना बोलवा.