दयेच्या अर्जासाठी काम करताना या चुका टाळा

३० जुलै २०१५ रोजी सकाळी नागपूर मध्यवर्ती कारागृहात याकूब मेमनला फाशी देण्यात आली, त्याच्या काही तास आधी, पहाटे, दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने त्याची शेवटची याचिका ऐकून फेटाळली होती. ती रात्र आम्हा नागपूरकरांच्या स्मरणात इतकी खोल रुतली आहे, की फाशी टाळण्याची मोहीम म्हणजे अखेरच्या रात्रीची धावपळ असे पुष्कळ कार्यकर्ते धरून चालतात. सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७२ नुसार, सर्वोच्च न्यायालयाने अपील किंवा पुनर्विलोकन अर्ज फेटाळल्याचे कारागृह अधीक्षकांनी कळवल्यापासून ३० दिवसांत दयेचा अर्ज करावा लागतो. तो आधी राज्यपालांकडे केला आणि तेथे फेटाळला गेला, तर राष्ट्रपतींकडे जाण्यासाठी ६० दिवस मिळतात. एखाद्याचे सगळे आयुष्य कागदावर मांडायला तीस दिवस पुरत नाहीत. म्हणून फाशी कायम करण्याचे प्रकरण उच्च न्यायालयात असतानाच कामाला लागावे.

अर्ज लिहिणारे बहुधा निकालपत्र समोर ठेवून पुराव्यांचाच वाद पुन्हा घालत बसतात. राष्ट्रपतींना पुरावा नव्याने तपासता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने इंदिरा गांधी हत्येतील केहर सिंग प्रकरणात १९८८ मध्येच मान्य केलेले असले, तरी न्यायालयासमोर जे कधी आलेच नाही ते मांडणे हे अर्जाचे मुख्य काम आहे. त्यात पहिला मान वयाच्या कागदांचा. पुण्यातील १९९४ च्या एका हत्याकांडात फाशीची शिक्षा झालेला कैदी गुन्ह्याच्या वेळी जेमतेम साडेबारा वर्षांचा होता, हे मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले आणि अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ कैदेत काढल्यावर तो नागपूरच्या कारागृहातून बाहेर पडला. निर्णय फिरला तो राजस्थानातल्या त्याच्या गावच्या शाळेतील नोंदीवर. तो कागद इतकी वर्षे तेथेच होता, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते. तेव्हा शाळेचे दाखलखारीज रजिस्टर, जन्मनोंद, लहानपणीच्या आजारांची आणि डोक्याला झालेल्या इजांची कागदपत्रे, मानसोपचाराची नोंद, कारागृहातील वर्तणुकीचा अहवाल, तेथे घेतलेल्या शिक्षणाची प्रमाणपत्रे, हे सारे गावोगाव फिरून, साक्षांकित प्रती करून जमवावे. शिक्षा ठरवताना मानसिक मूल्यमापन आणि पूर्वायुष्य पाहिलेच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने मनोज प्रकरणात मे २०२२ मध्ये सांगितले आहे.

कैद्याला न विचारता त्याच्या नावाने अर्ज पाठवू नये. कायद्याप्रमाणे हा अर्ज स्वतः कैदी, त्याचा वारस किंवा नातेवाईक करू शकतो. घाईने केलेला अर्धवट अर्ज फेटाळला गेला, की पुढच्या चांगल्या अर्जाची वाट अरुंद होते. मेमन प्रकरणात भावाने केलेला अर्ज एप्रिल २०१४ मध्ये फेटाळला गेला होता, आणि पुढे त्यावरूनही न्यायालयात वाद झाला.

निवेदन केवळ राज्यपालांच्या कार्यालयाला देऊन थांबणे ही आणखी एक चूक. राज्यघटनेच्या अनुच्छेद १६१ खाली राज्यपाल आणि अनुच्छेद ७२ खाली राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच निर्णय घेतात, त्यामुळे कागद खरे वाचले जातात ते गृह विभागात. डिसेंबरात हिवाळी अधिवेशनासाठी सरकार नागपुरात येते, तेव्हा मोर्च्यांच्या गर्दीत घोषणा देण्यापेक्षा संबंधित मंत्र्यांची वेळ मागून घेऊन दोन पानांचे टिपण हाती देणे अधिक उपयोगी पडते.

प्रत्येक कागदाची पोच आणि आवक क्रमांक जपला नाही, तर पुढे फार मोठा आधार हातचा जातो. शत्रुघ्न चौहान प्रकरणात २१ जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, कैद्यामुळे न झालेला आणि स्पष्टीकरण नसलेला विलंब हे फाशी जन्मठेपेत बदलण्याचे कारण मानले. याच आधारावर कोल्हापूरच्या बालहत्याकांडातील दोन बहिणींची फाशी मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये रद्द केली; पुण्यातील बीपीओ कर्मचारी महिलेच्या बलात्कार व खुनाच्या प्रकरणातील दोघांची फाशी रद्द करणारा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये कायम ठेवला. तारखांची वही एकाच माणसाने, पहिल्या दिवसापासून लिहावी.

पीडित कुटुंबाविषयी एकही हलका शब्द पत्रकात येऊ देऊ नये. त्यांचे माणूस गेलेले आहे. त्यांच्या दारी सह्या मागायला जाणे, गुन्हा लहान करून सांगणे, किंवा कैद्याचे फोटो चौकात लावणे, यांतून त्यांची जखम पुन्हा उघडी पडते आणि ते निर्दयपणाचे आहे.

राष्ट्रपतींनी नकार दिला म्हणजे सगळे संपले असे मानून वकिलांशी संपर्क तोडणे, हेही होते. नागपूरच्याच २००८ मधील बालिकेच्या खुनाच्या प्रकरणात दयेचा अर्ज फेटाळला गेल्यानंतरही, सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये शिक्षेचा प्रश्न नव्याने ऐकण्याचे ठरवले. नकार कळवल्यापासून फाशीपर्यंत किमान १४ दिवसांचे अंतर ठेवणे चौहान निकालाने बंधनकारक केले आहे. नकार कळेल त्या दिवशीच त्याची लेखी प्रत मागावी, वकिलांना कळवावे, आणि गावाकडे असलेल्या आईला भेटीसाठी नागपूरला आणण्याची सोय करावी.