लहान मुलाच्या हाती पहिली सुई

पाच-सहा वर्षांचं पोर शिवायला बसलं की घरातल्यांचा जीव सुईत अडकतो. टोचेल, रक्त येईल. एखाददुसऱ्या वेळी टोचतंच, फुंकर मारून भागतं. मुलं शिवण टाकून उठतात ती दोऱ्यामुळे. तो नेढ्यातून निसटतो, त्याचा गुंता होतो, गाठ सुटून घातलेले टाके सरकन निघून येतात. म्हणून कापड मागाहून, आधी दोऱ्याची सवय.

अंगणात बकुळीचा सडा पडत असेल तर तिथूनच सुरुवात करा. बकुळीच्या फुलाला मधोमध आयतंच भोक असतं, त्यामुळे बोथट सुईही चालते. फूल उचलायचं, ओवायचं, गाठीपर्यंत सरकवायचं. दोरा हिसडला तर फूल फाटतं, ‘हळू ओढ’ असं सांगावं लागत नाही. बहर नसेल तर फणसाची पानं आणि माडाचा हीर देऊन द्रोण टाचायला बसवा. हीर वरून खाली, खालून वर. पुढे धावदोरा म्हणून शिकवायचं ते हेच.

आता गोणपाट. जुनं पोतं धुऊन कडक उन्हात वाळवा आणि वीतभर चौकोन कापा. विणीची भोकं डोळ्यांना दिसतात, त्यामुळे सुई कुठे घालायची हे मुलाला आपोआप कळतं. पोती शिवायचा दाभण मात्र देऊ नका, तो लहान हाताला फार जड आणि टोकदार. लोकरीची बोथट, मोठ्या नेढ्याची सुई आणि कशिद्याचा सहाही पदरांचा, उठून दिसणाऱ्या रंगाचा दोरा घ्या.

मूल दोन्ही हात पसरून उभं राहील तेवढाच, साधारण १ मीटर दोरा तोडा. टोक तिरकं कापा, ओलं करून चिमटीत घट्ट धरा आणि सुई त्याच्यावर आणा. दोरा सुईकडे नेताना लहान हात थरथरतो. मग दोरा दुहेरी करून दोन्ही टोकांची एकच गाठ मारा. सुई निसटायची भानगडच मिटते.

शिकवताना शेजारी बसा. मूल डावखुरं आणि तुम्ही उजवे असाल तर समोर बसा, आरशातल्यासारखं दिसतं. सुरुवातीला टाका १ सेंटिमीटरचा असला तरी चालेल. वाकडा गेला तर उसवू नका. मी एकदा भाचीचे चार टाके उसवून ‘नीट’ घालून दिले, तर तिने तो तुकडा आठ दिवस हातात धरला नाही.

तिचाच आणखी एक प्रताप. मांडीवर कापड घेऊन पाऊण तास गप्प शिवत होती, मला केवढं कौतुक! उठायला गेली आणि ओरडली, “मावशी, ह्यां सुटना नाय!” तुकडा फ्रॉकच्या घेराला शिवला गेला होता. तेव्हापासून आमच्याकडे मांडीवर आधी पाट, मग कापड. भरतकामाची लाकडी रिंग असेल तर उत्तमच.

गोणपाटावर हात बसला की आजीच्या जुन्या लुगड्याचे मऊ तुकडे काढा. तीन-चार थर एकावर एक ठेवून कडेने आणि मधून धावदोरा घातला की बाहुलीची वाकळ तयार. मोठी वाकळही अशीच होते, फक्त टाके हजारोंनी. नंतर बटण लावायला शिकवा. बटणावर आगपेटीची काडी आडवी ठेवून तिच्यावरून टाके घाला आणि शेवटी काडी ओढून घ्या. मग बटण काजात अडत नाही.

सुया मोजून काढायच्या, मोजून ठेवायच्या, हे काम मुलाचंच. हरवलीच तर चटईवर लोहचुंबक फिरवा. तिन्हीसांजेला सुई हातात घेऊ नये असं आजी म्हणायची. कारण ती काहीही सांगो, मिणमिणत्या उजेडात शिवू नये एवढं खरंच.

आणि पावसाळा. आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत सुयांना बघता बघता गंज चढतो आणि गंजलेली सुई कापडात अडकते. शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब लावलेल्या फलालीनच्या तुकड्यात सुया खोचून घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा. काढल्यावर आधी चिंधीला पुसा, नाहीतर पहिल्याच टाक्याला तेलाचा डाग पडतो.